वाइनच्या अ‍ॅपवर ४.५ स्टार, म्हणजे नक्की काय? फ्रेंच रेड वाइन चाखून कशी तपासतात, सोप्या भाषेत

मोबाइल घ्यायचा असो नाहीतर बिर्याणी मागवायची असो, आपण आधी स्टार बघतो. ४.३ असेल तर ठीक, ३.२ असेल तर बोट लगेच पुढे सरकतं. वाइनच्या बाबतीतही आता तसंच झालंय. व्हिव्हिनोसारखं अ‍ॅप उघडायचं, बाटलीच्या लेबलवर कॅमेरा धरायचा, दोन सेकंदांत आकडा हजर. बाहेरदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या एखाद्या मित्राला विचारून बघा, सुपरमार्केटच्या रॅकसमोर उभं राहून त्याने हे कधी ना कधी केलेलं असतं.

पण हा आकडा नक्की कशाचा? बाटलीतल्या वाइनचा, लेबलचा की किमतीचा? आज आपण फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या रेड वाइनचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ. बोर्दोच का, तर वाइनला नंबर लावण्याचा सगळ्यात गाजलेला खेळ तिथेच चालतो, आणि तिथल्या नावाजलेल्या बाटल्यांची किंमत एखाद्या चांगल्या फोनच्या वर जाते. एवढे पैसे ज्या आकड्यावर ठरतात तो आकडा येतो कुठून, हे माहीत असायला हवं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. दारू तब्येतीला चांगली नसते, आणि कायद्याने ठरवलेलं वय झालेलं नसेल तर हा लेख फक्त वाचण्यासाठी आहे. यातले प्रयोग बडीशेपेवर आणि चहावरही मस्त होतात.

अ‍ॅपला काय दिसतं?

व्हिव्हिनो हे अ‍ॅप २०१० मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं. काम अगदी सरळ आहे. तुम्ही लेबलचा फोटो काढता, सॉफ्टवेअर त्या फोटोतली अक्षरं आणि चित्र ओळखतं, आपल्याकडच्या लाखो लेबलांशी जुळवतं आणि त्या वाइनचं पान उघडून देतं. पानावरचे स्टार म्हणजे आधी ज्यांनी ती वाइन प्यायली त्यांनी दिलेल्या मार्कांची सरासरी.

म्हणजे कॅमेऱ्याने कागद पाहिला. वाइन त्याने पाहिलेलीच नाही.

समजा तीच बाटली दुकानदाराने दोन उन्हाळे पत्र्याच्या गोदामात ठेवली असेल, तर आतली वाइन शिजल्यासारखी झालेली असते. अ‍ॅपवर स्टार तेवढेच. बूच खराब निघालं, तरी स्टार तेवढेच. आणि लेबलच खोटं असेल तर? रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने अमेरिकेत हेच केलं. साध्या, स्वस्त वाइन एकमेकींत मिसळायच्या, जुन्या रिकाम्या बाटल्यांत भरायच्या, जुनी दिसणारी लेबलं चिकटवायची आणि नामांकित फ्रेंच वाइन म्हणून श्रीमंतांना विकायच्या. एकदा त्याने बर्गंडी भागातल्या पोंसो घराण्याच्या नावाने १९४५ सालची एक वाइन लिलावात आणली. घोळ असा की, त्या घराण्याने ती वाइन बनवायला सुरुवातच १९८० च्या दशकात केली होती! घराण्याचा मालक स्वतः न्यूयॉर्कला जाऊन धडकला. २०१३ मध्ये कुर्नियावान दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. लक्षात घ्या, ही चोरी चवीवरून नाही, कागदावरच्या सालावरून सापडली. कित्येक जाणकार ती वाइन आधी मिटक्या मारत प्यायले होते.

नंबर लावायला सुरुवात कुणी केली?

१८५५ मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या वाइनची यादी हवी होती. तिथल्या दलालांनी ती बनवून दिली. पण त्यांनी काही शेकडो बाटल्या उघडून चाखत बसायचा उद्योग केला नाही. बाजारात कुणाच्या वाइनला किती वर्षं किती भाव मिळतोय ते पाहिलं आणि त्यावरून पाच वर्ग पाडले. सगळ्यात वरच्या वर्गात चार नावं होती: लाफीत, मार्गो, ओ-ब्रियों आणि लातूर. हो, उच्चार अगदी आपल्या लातूरसारखा. संबंध काही नाही, फ्रेंचमध्ये ‘ला तूर’ म्हणजे बुरूज. त्या वरच्या वर्गात पुढे एकच भर पडली, १९७३ मध्ये मुतों-रोथशील्डची. बाकी यादी आजही चालू आहे. म्हणजे आज ज्या नावामुळे भाव मिळतो, ते नाव यादीत आलं तेच मुळात भावामुळे!

मग १९७८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट पार्कर नावाच्या वकिलाने वाइनचं एक पत्रक सुरू केलं आणि शाळेसारखे १०० पैकी मार्क द्यायला लागला. १९८२ सालच्या बोर्दोचं त्याने आधीच भरभरून कौतुक केलं, ते खरं ठरलं, आणि त्याच्या मार्कांवर बाजार हलायला लागला. त्याची मार्कांची पद्धत बघण्यासारखी आहे. ५० मार्क हजेरीचे, म्हणजे ग्लासात वाइन आहे म्हणूनच मिळतात. रंगाला जास्तीत जास्त ५, वासाला १५, चव आणि तोंडात राहणाऱ्या शेवटाला २०, आणि एकूण दर्जा व पुढे सुधारण्याची शक्यता यांना १०. वासाचे मार्क रंगाच्या तिप्पट आहेत हे बघा. चाखण्याचं बरंचसं काम जिभेआधी नाकच करतं.

आता प्रत्यक्ष चाखूया

बोर्दोमध्ये जिरोंद नावाच्या खाडीच्या डाव्या काठाला मेदोक हा भाग आहे. तिथली रेड वाइन मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो या दोन जातींच्या द्राक्षांपासून बनते. काबर्नेची साल जाड, दाणा लहान. म्हणून वाइन गडद आणि तुरट. मेर्लो मवाळ. दोन्ही मिसळून तोल साधायचा, ही तिथली पद्धत.

ग्लास साधा, पारदर्शक, पोट मोठं आणि तोंड आवळलेलं. चाखण्याच्या ग्लासचा आंतरराष्ट्रीय नमुना १९७७ पासून ठरलेला आहे. त्यात सुमारे २१५ मिली मावतं, पण ओतायची फक्त ५० मिली. वरची रिकामी जागा वासासाठी. वाइन १६ ते १८ अंशांवर हवी. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ती रूम युरोपातली होती, थंडगार दगडी घरातली. मे महिन्यात मुंबईच्या खोलीत ३३ अंशांवर बाटली उघडली तर अल्कोहोलचा भपकाराच आधी येणार.

आधी रंग. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरा आणि कडेला बघा. कड जांभळट असेल तर वाइन तरुण, विटकरी झाली असेल तर वय झालेलं. एवढंच बघायचं. बरेच लोक ग्लास फिरवून काचेवरून ओघळणारे थेंब दाखवतात आणि ‘बघा काय क्वालिटी आहे’ म्हणतात. तो क्वालिटीचा पुरावा नाही. अल्कोहोल पाण्यापेक्षा आधी उडून जातं, त्यामुळे पृष्ठभागाचा ताण बदलतो आणि थेंब तयार होतात. जेम्स थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञाने हे सांगितलं तेही १८५५ मध्येच, ज्या वर्षी ती यादी बनली. थेंबांवरून फार तर अल्कोहोल किती असेल याचा अंदाज येतो, आणि तो तर लेबलवर छापलेलाच असतो.

मग वास. पहिल्यांदा ग्लास न हलवता एकदा हुंगा. इथे चांगल्या वासापेक्षा वाईट वास आधी शोधायचा. पावसाळ्यात न वाळलेलं फडकं किंवा भिजलेला पुठ्ठा, असा कुबट वास आला तर बूच बिघडलंय. बुचातली बुरशी आणि क्लोरीन यांच्यातून टीसीए नावाचं एक रसायन तयार होतं. ग्रॅमचे अब्ज भाग केले तर त्यातले दोन-पाच भाग एका लिटरमध्ये असले तरी सरावलेल्या नाकाला कळतात. अशी बाटली कितीही महाग असो, परत करायची. ज्यांना हे माहीत नसतं ते गुपचूप पितात, ‘फ्रेंच वाइन अशीच असते’ म्हणतात आणि अ‍ॅपवर दोन स्टार देतात. घोड्याच्या तबेल्यासारखा वास आला तर तो ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. तो थोडा असला तर काही लोकांना आवडतो, यावर वाइनवाल्यांची भांडणं होतात.

वास स्वच्छ असेल तर ग्लास गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. आता काय शोधायचं? इंग्रजी पुस्तकांत काबर्नेसाठी काळा करंट हा शब्द हमखास असतो. आपल्यातल्या बहुतेकांनी ते फळ खाल्लेलंच नसतं. मग पाठ केलेला शब्द कशाला लिहायचा? तुम्हाला करवंद आठवलं तर करवंद लिहा, जांभूळ आठवलं तर जांभूळ. काही वास मात्र आपल्या ओळखीचेच आहेत, अगदी रसायनासकट. ढोबळी मिरचीला जो हिरवा वास येतो, तो देणारं पायराझिन काबर्नेच्या द्राक्षातही असतं. द्राक्ष पिकेल तसं ते कमी होत जातं. म्हणून ग्लासात ढोबळी मिरची फार जाणवली तर त्या वर्षी द्राक्षं नीट पिकली नव्हती, असा अंदाज बांधता येतो. ओकच्या लाकडी पिंपातून वाइनमध्ये व्हॅनिला, लवंग आणि ओल्या खोबऱ्याचा वास उतरतो. यातला लवंगेचा वास देणारं युजेनॉल हे लवंगेतलंच मुख्य द्रव्य. म्हणजे मसाल्याचा डबा ज्याच्या नाकात बसलाय त्याला हा वास शिकवावा लागत नाही. मेदोकच्या वाइनमध्ये देवदाराचं लाकूड, तंबाखू, पेन्सिलला टोक केल्यावर येणारा वास हेही सापडतात.

आता घोट. छोटा घ्यायचा, तोंडभर फिरवायचा, थोडी हवा आत ओढायची. हवा ओढली की वास घशामागून नाकात चढतो. हे पटत नसेल तर नाक घट्ट दाबून बडीशेप चावा. फक्त थोडं गोड लागेल. नाक सोडलं की एकदम बडीशेप ‘येते’. सर्दीत जेवण का लागत नाही, ते इथेच कळतं.

जिभेवर तीन गोष्टी तपासायच्या. पहिली आंबटपणा. तोंडाला किती पाणी सुटतं ते बघा. कैरीने दात आंबतात तसं नको, पण पाणीच सुटलं नाही तर वाइन मुळमुळीत. दुसरी तुरटपणा, म्हणजे टॅनिन. मला वाटतं इथे मराठी माणूस चार पावलं पुढे आहे. इंग्रजी शिकवणाऱ्यांना हा गुण समजावताना घाम फुटतो. आपल्याकडे तुरट ही सहा चवींतली एक आहे, जांभूळ, सुपारी, आवळा लहानपणापासून तोंडात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी खरखरीत होते. चांगल्या वाइनमध्ये टॅनिन भरपूर असू शकतं, पण बघायचं ते त्याचं पोत. कच्च्या केळ्यासारखं चरचरीत की मखमलीसारखं? वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून जड होतात, खाली गाळ बसतो आणि वाइन मऊ होते. जुनी वाइन दुसऱ्या भांड्यात हळू ओततात ती या गाळासाठी. तिसरी गोष्ट अल्कोहोल. घशात जळजळ झाली तर ते बाकीच्यांवर चढलंय.

शेवटी घोट गिळा किंवा थुंका (व्यावसायिक लोक थुंकतातच, दिवसाला पन्नास वाइन चाखायच्या तर दुसरा इलाज नाही) आणि फोनवर स्टॉपवॉच लावा. चव किती सेकंद राहते? फ्रेंचांनी याला एकक दिलंय, कोदाली. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. लॅटिनमधल्या शेपटी या शब्दावरून आलंय. पाच सेकंदांत चव गायब झाली तर साधी वाइन. उत्तम बोर्दोची शेपटी त्याच्या कितीतरी पट लांब असते, आणि त्या वेळात चव बदलत जाते, आधी फळ, मग लाकूड, मग काहीतरी मातकट.

मार्क देताना जाणकार मुख्यतः चार प्रश्न विचारतात. तोल आहे का? शेपटी किती लांब? वास-चव किती ठसठशीत? आणि एकच सूर आहे की अनेक? ‘मला आवडली का’ हा पाचवा प्रश्न, तो वेगळा लिहायचा. न आवडलेल्या वाइनला चांगले मार्क देता येणं, हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य.

पण नाकही फसतं

२००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना एक व्हाइट वाइन दिली, आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासाच्या वासासाठी बहुतेकांनी रेड वाइनचे शब्द वापरले. सोशल मीडियावर याचं ‘एक्स्पर्ट लोक उल्लू बनले’ असं रील होतं. ते तितकं खरं नाही. ते विद्यार्थी होते, आणि प्रयोगातून कळलं ते हे की डोळे नाकाला आधीच उत्तर पुरवतात. किमतीचा आकडा किंवा अ‍ॅपवरचे स्टारही तेच करतात.

कॅलिफोर्नियातला निकाल जास्त झोंबणारा आहे. तिथल्या एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, तिन्ही वेळा एकाच पदकाच्या मर्यादेत मार्क देणारे परीक्षक साधारण १० टक्केच निघाले.

मग चाखणं सगळं थोतांड? नाही. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी नाव झाकून चाचणी घेतली. नऊ फ्रेंच परीक्षक, समोर बोर्दोच्या आणि कॅलिफोर्नियाच्या रेड वाइन. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्स लीप, १९७३ सालची. १९७० सालची मुतों-रोथशील्ड दुसरी. लेबल उघडं असतं तर हा निकाल लागलाच नसता. जिभेत काही बदल झाला नव्हता, फक्त नाव झाकलं होतं.

मशीन लावलं तर?

तेही झालंय. जिनिव्हा आणि बोर्दोच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात शातोंच्या (म्हणजे द्राक्षमळ्यासकट वाइन बनवणाऱ्या घराण्यांच्या) ८० रेड वाइन गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रातून काढल्या. हे यंत्र वाइनमधली रसायनं वेगवेगळी करून एक लांबलचक आलेख देतं. तो अख्खा आलेख मशीन लर्निंगला दिला. कुठली वाइन कुठल्या शातोची, हे प्रोग्रामने १०० टक्के बरोबर सांगितलं. कुठल्या वर्षाची, हे साधारण निम्म्या वेळा. गंमत म्हणजे ओळख कुठल्याही एका रसायनात नव्हती, सगळ्यांच्या मिश्रणात होती.

कुर्नियावानसारख्यांना पकडायला हे भारी हत्यार होऊ शकतं. पण प्रोग्रामला विचारलेला प्रश्न ‘ही कुणाची’ एवढाच होता. ‘चांगली आहे का’ हे शिकवायचं तर उत्तरपत्रिका म्हणून माणसांचेच मार्क द्यावे लागतील, आणि माणसांच्या मार्कांचं काय होतं ते आपण वर पाहिलं.

स्वतःच्या जिभेचं रेटिंग काढा

दुसऱ्याच्या स्टारवर किती विसंबायचं हे ठरवण्याआधी आपली जीभ किती खरी आहे ते तपासता येतं. प्रयोगशाळेत याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. तीन सारखे कप, दोनांत एक चहा, तिसऱ्यात दुसऱ्या ब्रँडचा. साखर, दूध, गरमपणा सगळं सारखं. कुणालातरी कप मांडायला सांगा, तुम्ही डोळे बांधा, आणि वेगळा कप ओळखा. नुसता अंदाज मारला तरी तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून पाच फेऱ्या करा, दर वेळी कपांची जागा बदला. पाचही बरोबर आले तर नशिबाने तसं होण्याची शक्यता २४३ मध्ये १, म्हणजे तुमच्या जिभेला फरक खरंच कळतोय. दोनच आले तर फार खूश होऊ नका, तेवढे अंदाजानेही येतात.

वाइन असेल तर बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ओतायचं काम दुसऱ्याला द्या. रंग, वास, आंबट, तुरट, शेपटीचे सेकंद, सगळं फोनच्या नोट्समध्ये मराठीत लिहा आणि मार्क द्या. एक बाटली गुपचूप दोनदा ओतायला सांगा. दोन्ही वेळचे मार्क जुळतायत का बघा. मग कागद काढा, आणि अ‍ॅप त्यानंतरच उघडा.